आईला कळवू नये

३ फेब्रुवारी

मावशी,

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, म्हणून पत्र. रविवारी माझ्या स्वयंपाकघरात जे झालं ते क्रमानं लिहिते.

१. मक्याचं पीठ मळून पातळ पोळ्या लाटल्या. पहिली ओट्याला चिकटली. दुसरी उचलताना तिचे तुकडे झाले. तिसरी लाटली नाही.

२. दह्यात लसूण घालून ते मंद आचेवर ठेवलं. फाटलं. वर पाणी, खाली दाणे.

३. उकळत्या पाण्यात दोन अंडी फोडून सोडली. पांढरं पाण्यात पसरलं. बलक तळाला जाऊन बसले.

४. तापलेल्या लोण्यात लाल मिरची घातली. ती काळी झाली. शेजारच्या बाईंनी दार वाजवून काही जळतंय का ते विचारलं. मी नाही म्हटलं.

५. सगळं टाकून दिलं. ब्रेड खाल्ला.

आई ज्या बांधकामाच्या कॅम्पवर स्वयंपाकाला आहे, तिथल्या कँटीनमधला हा पदार्थ आहे. तळाला टॉर्टिया, म्हणजे मेक्सिकोची मक्याची पातळ पोळी. तिच्यावर तुर्की पद्धतीचं लसणाचं दही. त्यावर पाण्यात शिजवलेली अंडी आणि वरून मिरचीचं लोणी. तिथे एक तुर्की आचारी होता आणि टॉर्टिया करणारी एक मेक्सिकन बाई होती, त्या दोघांच्या मधल्या जागेत आईनं तो जुळवला. मी तो एकदाच खाल्ला आहे.

लॅबमध्ये महिनाअखेरीस प्रत्येकानं घरून एक पदार्थ आणायचा आहे. मी हा आणते असं सांगून बसले आहे. मी दिवसभर लोकांचे तापमापक आणि दाबमापक बरोबर दाखवतात का ते तपासते. घरी येऊन मला एक पोळी धड करता येऊ नये, हे बरं दिसत नाही.

बाबांना विचारण्यात अर्थ नाही. कॅम्पचा विषय निघाला की ते चष्मा पुसायला घेतात. आईनं तुला कधी या पदार्थाबद्दल काही सांगितलं असेल तर कळव. तू मला विचारशील म्हणून आधीच लिहिते : आमचं बोलणं अजून बंदच आहे. आईला कळवू नये.

तुझी भाची


९ फेब्रुवारी

गं मोजपट्टी,

तुझं पत्र आलं. आधी वाटलं पोलिसात तक्रार द्यायला निघालीस आणि चुकून पाकिटावर माझा पत्ता घातलास. एक, दोन, तीन, चार, पाच, ब्रेड खाल्ला! अगं, निदान ब्रेडवर काही लावलंस का, ते तरी लिहायचं.

मला पाककृती विचारतेस, म्हणजे तुझी परिस्थिती खरंच हाताबाहेर गेलेली दिसते. माझी शेगडी चहापुरती. डबा येतो, मी जेवते, डबा जातो. पडदे शिव, उशांचे अभ्रे शिव, लग्नाचा झगा रात्रीतून दोन इंच सैल कर, काहीही सांग. अंडी मात्र मी उकडायला ठेवली की विसरते आणि फुटल्याचा आवाज मला येत नाही. मागच्या वेळी वास आल्यावर कळलं.

माझा सल्ला ऐक. पोळी विकत आण, दही थंडच वाढ, अंड्यांचं ऑम्लेट कर. तुझ्या लॅबमध्ये कोणाला फरक कळणार आहे?

आणि ते लॅबचं जेवण वगैरे मला सांगू नकोस. ऑफिसातल्या लोकांसाठी कोणी स्वतःच्या घरात असा धूर करून घेत नाही. कोण आहे तो? उंच आहे का? मिरची खातो का?

तुझ्या आईला कळवणार नाही. तसंही ती कुठे आणि मी कुठे. तिथलं बांधकाम संपत आलंय आणि कॅम्प आवरायला घेतलाय, एवढंच मला ठाऊक आहे. आता तरी येईल, असं मी म्हणणार नाही. म्हणून म्हणून माझी जीभ झिजली.

मावशी


१४ फेब्रुवारी

मावशी,

कोणी नाही. उंचीचा प्रश्न येत नाही.

ऑम्लेट चालणार नाही. काय चालेल ते सांगते, म्हणजे पुन्हा पर्याय सुचवणार नाहीस.

मी कॅम्पवर गेले तेव्हा बारावीची परीक्षा नुकतीच झाली होती. कँटीन म्हणजे लांबच लांब पत्र्याचं शेड. दोन्ही बाजूंना बाकं, मधे समोरासमोर स्टीलचे दोन काउंटर. सगळे जेवून गेले होते आणि काउंटरवरून कोणीतरी ओलं फडकं फिरवत होतं. आईनं ॲप्रन न काढता माझ्यासमोर ताटली ठेवली. दही कोमट होतं, थंड नव्हतं. टॉर्टिया कडेला कुरकुरीत होती, पण मधे मऊ पडली होती. तुकडा बुडवला तेव्हा बलक वाहिला, तो लाल लोण्यात मिसळला आणि दह्यावर त्याची नक्षी उठली. तुकडे माझे मी तोडावेत म्हणून आईनं मला काटाचमचा दिला नाही. मग ती समोर बसली आणि माझ्याच ताटलीत जेवली.

पुढच्या महिन्यात ती घरी येणार होती. तिनं कंत्राट वाढवलं. त्यानंतर ते पुन्हा वाढवलं. तिसऱ्या वेळी मी पत्राला उत्तर दिलं नाही, आणि त्यानंतर पत्र आलं नाही. हे तुला माहीत आहे. लिहिण्याचं कारण इतकंच की ताटली जशी होती तशीच मला हवी आहे, तिच्यासारखी दुसरी नको.

काल पुन्हा करून पाहिलं. पीठ गार पाण्याऐवजी गरम पाण्यात मळलं. पोळी उचलता आली, पण तव्यावर तिला भेगा पडल्या. दही पुन्हा फाटलं.

तुझ्या ओळखीचं कोणी असं काही करत असेल तर विचार. तुझ्या दुकानात इतकी माणसं येतात.

तुझी भाची


२० फेब्रुवारी

मोजपट्टी,

हो हो, विचारलं. आहे एक गिऱ्हाईक. बाहेर बरीच वर्षं राहून आलेली आहे. ती सांगत गेली तसं लिहून काढलंय, नीट वाच.

तुझं पीठच चुकलंय. साधं मक्याचं पीठ पाणी धरत नाही, कितीही मळ. टॉर्टियाचा मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात, धुतात आणि मग दळतात. त्यानंच तो चिकटून येतो. तसं पीठ मोठ्या दुकानात तयार मिळतं. पाकिटावर टॉर्टियाचं पीठ असं लिहिलेलं बघून घे. मळून झालं की ओल्या फडक्याखाली ठेव. लाटू नकोस. प्लॅस्टिकच्या दोन तुकड्यांमधे गोळा ठेव आणि जड तव्यानं दाब. दाबताना तुझा भार उजवीकडे जातो, म्हणून अर्धी पोळी जाड राहते. दाबून झाली की पोळी फिरव आणि पुन्हा दाब.

दही विस्तवावर कधीच ठेवायचं नाही. फडक्यात बांधून पाणी काढ, मिठाबरोबर ठेचलेला लसूण त्यात घाल आणि वाडगा गरम पाण्याच्या भांड्यात उभा कर. मनगटावर थेंब टाकलास तर गार नाही आणि गरमही नाही असं वाटलं पाहिजे.

लोण्याला फेस येऊन बसला आणि भाजल्या दाण्यासारखा वास आला की आधी गॅस बंद, मग मिरची. अर्धी मेक्सिकोची धुरावर वाळवलेली, अर्धी तुर्की, जाडसर कुटलेली. एकच घातलीस तर तो पदार्थ राहत नाही.

बाकी, तुझ्या स्वयंपाकघराला खिडकी आहे का? उजेड कुठून येतो? ओटा तुला पुरतो का, की वाकावं लागतं? केस कापलेस, की आहेत तेवढेच? आणि दुपारचं जेवण जागेवर बसून करतेस, की उभ्याउभ्या?

अंड्यांचं पुढच्या वेळी. गिऱ्हाईक उठून गेली.

मावशी


२५ फेब्रुवारी

मावशी,

गिऱ्हाईकाचे आभार. पीठ मिळालं. पहिल्या चार टॉर्टिया जाड, पातळ आणि वाकड्या अशा सगळ्या तऱ्हांच्या झाल्या. पाचवी गोल झाली. दाबून फिरवायची आणि पुन्हा दाबायची, हे बरोबर आहे. माझा भार उजवीकडेच जातो.

दह्यासाठी मनगट वापरलं. मग खात्रीसाठी तापमापक लावला. अडतीस. यापुढे मी तापमापकच वापरणार आहे, कारण मनगट रोज सारखं नसतं. दही फाटलं नाही.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं.

खिडकी आहे, पूर्वेला. सकाळी ऊन आधी नळावर पडतं, मग ओट्यावर सरकतं. मी निघते तेव्हा ते शेगडीपर्यंत आलेलं असतं. समोर टायरचं दुकान आहे. तिथला मालक दुकान उघडल्यावर पहिला टायर हातानं गडगडत बाहेर आणतो आणि त्यावर बसून चहा पितो. घरात खिडकीपाशी उभं राहिलं की रस्त्याचा एवढाच तुकडा दिसतो. मला तो पुरतो.

ओटा थोडा बुटका आहे. भांडी घासताना वाकावं लागतं, स्वयंपाक करताना नाही. ओट्याची उजवी कड फुटलेली आहे, तिथे मी काही ठेवत नाही. डबे एकाच मापाचे घेतले आहेत, त्यांच्यावर नावं लिहिली आहेत. हे ऐकून कोणी हसलं तरी चालेल.

केस कापलेले नाहीत. लॅबमध्ये बांधून ठेवावे लागतात. वेणी घातली तर सुटते, म्हणून अंबाडा घालते. तोही तिसऱ्या पिनेशिवाय राहत नाही. दुपारी बसूनच जेवते. आमच्या साहेबांची सक्ती आहे. यंत्रांजवळ डबा उघडायला बंदी आहे, म्हणून जिन्याजवळच्या खोलीत जावं लागतं. तिथे खुर्ची आहे.

थंडी गेली आहे. सर्दी झालेली नाही.

आता अंड्यांचं विचार. मला आठवतं त्याप्रमाणे कॅम्पवर मिरचीचं लोणी आधी दह्यावर ओतत आणि अंडी त्यानंतर ठेवत. त्या क्रमानं करणार आहे.

तुझी भाची


२ मार्च

मोजपट्टी,

लोणी आधी? कोणी सांगितलं तुला हे? काही आठवत नाही तुला! लोणी आधी ओतलंस तर दही चिरतं आणि वर ठेवलेलं अंडं घसरून ताटलीबाहेर जातं. दही, अंडी आणि शेवटी लोणी, आणि तेही वरून धार धरून, अंड्यावर आवाज झाला पाहिजे असं. त्या तुर्की उस्तादसमोर कोणी लोणी आधी ओतलं असतं तर त्यानं त्या माणसाला कांदे सोलायला बसवलं असतं, महिनाभर.

तुला त्या दोघांची गंमत ठाऊक नाही. उस्ताद म्हणायचा, अंड्याखाली फक्त दही शोभतं, बाकी सगळं कचरा. ती मेक्सिकन सेन्योराबाई म्हणायची, टॉर्टिया आणि मिरची नसेल तर ते अंडं कशाचं, ते आजाऱ्याचं पथ्य. दोघांचे काउंटर समोरासमोर आणि नाश्त्याची रांग मधून जायची. रांगेतल्या माणसांना रोज ठरवावं लागायचं की आज कोणाशी वैर घ्यायचं. एकदा ताटल्या कमी पडल्या. मग दोघांचंही एकाच ताटलीत वाढलं गेलं. दोघांनी दिवसभर अबोला धरला, आणि संध्याकाळी एकेक करून मागच्या दारानं आले. म्हणे, ते सकाळचं काही उरलंय का? एक ताटली घेऊन इकडे तोंड करून बसला, दुसरी तिकडे. पण पुसून खाल्लं दोघांनीही. त्या दिवसापासून कॅम्पवर त्याचं नाव तह.

तेव्हा तहात लोणी शेवटी. नीट लक्षात ठेव.

तुझ्या त्या टायरवाल्याचं वाचून फार बरं वाटलं. आणि तीन पिना लागतात, कारण तू अंबाडा फार खाली घालतेस. थोडा वर घाल.

अजून सांगत नाहीस ना, कोण जेवायला येतंय ते? मी कोणाला सांगते आहे?

मावशी


६ मार्च

मावशी,

एखादं यंत्र बरोबर दाखवतंय का अशी शंका आली, की आम्ही त्याला असं काही मोजायला देतो ज्याचं उत्तर आम्हाला आधीच माहीत असतं. मागच्या पत्रात मी तेच केलं. लोणी शेवटी ओततात हे मला स्वच्छ आठवतं. मी मुद्दाम उलटं लिहिलं.

तू त्या कॅम्पवर कधी गेली नाहीस. पाककृती गिऱ्हाईकानं सांगितली हे एक वेळ धरून चालता येईल. पण त्या गिऱ्हाईकाला उस्ताद कसा माहीत? माझा भार उजवीकडे जातो हे कसं माहीत?

आणि माझ्या स्वयंपाकघराला खिडकी आहे का, असं तू विचारलंस. त्या खिडकीचा पडदा तू शिवला आहेस. मागच्या उन्हाळ्यात स्टुलावर चढून माप तू घेतलंस, मी स्टूल धरलं होतं. त्याच वेळी ओटा बुटका आहे म्हणून घरमालकाला चार शब्द तूच सुनावलेस.

प्रश्न कोणाचे आहेत याचा मला तेव्हाच अंदाज आला होता. तरी मी सगळ्यांची उत्तरं दिली, हे तुझ्या लक्षात आलं असेल.

आई तुझ्याकडे आहे. कधी आली? किती दिवस राहणार आहे? पुढे कुठे जाणार आहे?

मी रागावलेली नाही. मला माहिती हवी आहे.

तुझी भाची


१० मार्च

माझी बाई,

पकडलंस. पडद्याचं माझ्या लक्षात आलंच नव्हतं गं. ती विचारत गेली, मी लिहीत गेले. तुझं पत्र वाचून कपाळावर हात मारून घेतला.

आता सगळं सांगते. तुझं ते तुकड्यातुकड्यांचं पत्र, कँटीनच्या शेडचं, ते आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ती आली. कॅम्प बंद झाला. एक बॅग, एक जड तवा आणि पिठाचं पोतं घेऊन दारात उभी. तुझी दोन्ही पत्रं माझ्या शिवणयंत्रावर पडलेली होती. तू लिहिलं होतंस, आईला कळवू नये. मी कळवलं नाही. तिनं आपणहून उचलली, मी फक्त अडवलं नाही. अंगातला कोट न काढता दोन्ही पत्रं उभ्यानं वाचली. मला वाटलं आता रडेल. तर म्हणते, "पीठ चुकलंय तिचं."

मी म्हटलं, "मग लिही की तिला."

म्हणाली, "मला कळवू नये असं लिहिलंय तिनं. तिनं तेवढं एकच मागितलंय माझ्याकडे, तेही मोडू?"

"मागितलंय माझ्याकडे," मी म्हटलं, "आणि माझ्याकडचं मी मोडते."

तेव्हा असं ठरलं की ती सांगेल आणि मी लिहीन. माझ्या कानांची कथा तुला माहीत आहे. ती ओरडून सांगायची, "लोणी! शेवटी! शेवटी!" समोरच्या घरातल्या म्हातारीनं परवा मला जिन्यात विचारलं, अंडी जमली का एकदाची? तिलाही आता तह येतो.

टायरवाल्याचं पत्र तिनं मला परत दिलेलं नाही. तिच्या बॅगेत आहे. मी मागितलं नाही.

आता जे लपवलं ते. तिनं दुसरीकडे काम घेतलंय. नवा कॅम्प, या वेळी मुख्य आचारी, दोन वर्षांचं कंत्राट. ३० तारखेला निघते. मी म्हटलं, जायच्या आधी मुलीला भेट. तर म्हणते, ती कोणाला तरी घरी जेवायला बोलावते आहे, तिचं नवं काही सुरू होतंय, त्यात मी कुठे जाऊ? हे खूळ माझ्यामुळे तिच्या डोक्यात बसलंय. मी थट्टेनं विचारत होते आणि ती ते खरं धरून बसली. तू एकदा "कोणी नाही" असं लिहिलंस ते मी दाखवलं. म्हणाली, ती तसंच लिहिणार.

तुम्ही दोघी एकाच कापडाच्या आहात. मी आयुष्यभर कापडं कापली, मला दिसतं ते.

मी तिच्यासमोर हे पत्र ठेवलं आणि म्हटलं, आता मी एक अक्षर लिहिणार नाही, अंड्यांचं तूच लिही. तिनं पेन घेतलं. खाली आहे ते तिचं.

मावशी

(वेगळ्या अक्षरात)

अंडी ताजी घे. फोडल्यावर आधी बारीक चाळणीत ओत, पातळ पांढरं गळून जाऊ दे. तेच पाण्यात पसरतं. उरलेलं घट्ट पांढरं बलकाला धरून राहतं. मग वाटीत घे आणि वाटी पाण्याला टेकवून अलगद सोड. पाणी उकळू देऊ नकोस, नुसतं थरथरलं पाहिजे. व्हिनेगर एक चमचा. झाऱ्यानं काढून फडक्यावर टेकव, नाहीतर दही पाणचट होतं. घाईनं काढू नकोस. तू घाई करत नाहीसच.


१४ मार्च

आई,

चाळणीचं केलं. पांढरं पसरलं नाही. दोन्ही अंडी अखंड निघाली, फडक्यावर टेकवली. लोणी शेवटी, वरून धार धरून. आवाज झाला. टॉर्टिया कडेला कुरकुरीत आणि मधे मऊ होती. सगळं ठरल्याप्रमाणे झालं.

अर्धं शेजारच्या बाईंना दिलं, धुराबद्दल. त्यांना आवडलं. त्यांनी हा पदार्थ आधी खाल्लेला नाही, त्यामुळे त्यांचं मत मी धरत नाही.

मी ओट्याजवळ बसून माझा भाग खाल्ला. चव चांगली होती. ती तीच होती का, हे मला सांगता येत नाही. इतकी वर्षं मला ती चव आठवते असं मी धरून चालले होते. परवा लक्षात आलं की चव आठवतच नाही. बाक आठवतं. तुझ्या मनगटावरचा भाजल्याचा डाग आठवतो. तू माझ्या ताटलीतून तुकडा तोडलास आणि मोठा तुकडा माझ्याकडे सरकवलास, ते आठवतं.

काही गोष्टी स्पष्ट करायच्या आहेत.

लॅबमध्ये कोणाचं जेवण नव्हतं. मावशीला काहीतरी कारण द्यायचं म्हणून मी ते लिहिलं. जेवायला कोणी येणार नव्हतं आणि येत नाही. मावशीचा हा अंदाज कधीच बरोबर नसतो. माझं नवं काही सुरू होत नाही. असतं तरी तुला जागा झाली असती.

आईला कळवू नये असं मी लिहिलं, ते तू वाचलंस त्या अर्थानं लिहिलेलं नव्हतं. कळवलं आणि तू आली नाहीस, तर ते मला पुन्हा झेपलं नसतं. न कळवता आली नाहीस, तर त्यात तुझं काही नसतं आणि माझंही नसतं. हे शहाणपणाचं नाही, हे मला दिसतं. लिहिताना ते सोयीचं वाटलं.

तिसऱ्या वेळी मी उत्तर दिलं नाही, आणि तू नंतर लिहिलं नाहीस. याचा हिशोब मला करायचा नाही. करायचा झाला तर समोर बसून करू. पत्रात तू फार थोडं लिहितेस आणि मीही.

नव्या कामावर जाऊ नकोस, असं मी लिहिणार नाही. मुख्य आचारी हे चांगलं पद आहे आणि ते तुला कोणी उगाच दिलेलं नसणार. माझं काम सोड असं मला कोणी सांगितलेलं चालणार नाही. पण मला तू इथे हवी आहेस. आधी हे वाक्य मी खोडलं होतं. पुन्हा लिहिलं आहे.

३० तारखेच्या आधी ये. एक दिवस असला तरी चालेल, दोन असले तर बरं. बसच्या थांब्यापासून घर जवळ आहे, मी घ्यायला येईन. तुला खिडकी बघायची असेल तर सकाळी लवकर उठावं लागेल, ऊन नळावर फार वेळ थांबत नाही. मावशीलाही आण. तिसऱ्या मजल्याबद्दल ती कुरकुर करेल, करू दे. स्वयंपाक मी करीन. तू बस. चूक झाली तर तेव्हाच सांग, नंतर पत्रानं नको.

आमच्याकडे रजा आधी मागावी लागते आणि मार्चअखेरीची यादी २१ तारखेला बंद होते. म्हणून २० मार्चपर्यंत मला तुझं उत्तर हवं आहे. येणार असशील तर दिवस लिही. येणार नसशील तर तेही लिही. मावशीला सांगून नको, तुझ्या हातानं लिही.